साहित्य, कृती आणि आवराआवर

पाककृतीचं कुठलंही पुस्तक घ्या आणि केकचं पान काढा. आधी साहित्याची यादी, मग कृती. भांडं ओव्हनमधून बाहेर आलं, जरा निवलं, कडेनं सुरी फिरवून केक ताटात उपडा केला, की कृती संपते. प्रत्यक्षात त्या घटकेला ओट्यावर मैद्याचा थर असतो, मिक्सरच्या पात्यांना लोणी चिकटलेलं असतं, चाळणीच्या जाळीत कोको अडकलेला असतो, बेसिनमध्ये सहा-सात भांडी पडलेली असतात आणि सांडलेल्या पिठीसाखरेच्या मागावर मुंग्या निघालेल्या असतात. पुस्तकाच्या लेखी हे स्वयंपाकात मोडत नाही. ते घरकाम, आणि घरकाम कुणीतरी करतंच.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, घरून केक करून विकणाऱ्या बायका जागोजागी दिसू लागल्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी एक फोटो येतो: अर्धा किलो, बटरस्कॉच, अंड्याशिवाय, उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल. या बायकांनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, तापमानाचा आकडा आणला, क्रीमच्या पिशव्या आणि नोझल आणले. माझ्या मते त्यांनी आणलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वहीतली एक ओळ आहे. केकचा दर ठरवताना त्यांना कधीतरी भांडी घासण्याचा आणि ओटा पुसण्याचा वेळ मोजावा लागला. घर नीटनेटकं ठेवण्याला आपण संस्कार म्हणत आलो, वळण म्हणत आलो. त्याला मिनिटं आणि रुपये लावण्याची वेळ अनेक मध्यमवर्गीय घरांत आली ती केकमुळे.

वर निखारे, खाली निखारे

घरी भाजण्याची कला साहेबाबरोबर आली असं मानायचं कारण नाही. कोकणातलं धोंडस घ्या. जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, त्याच्या पाण्यातच तांदळाचा रवा आणि गूळ शिजवायचा, खोबरं-वेलची घालायची आणि मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं. पातेलं मंद निखाऱ्यांवर, आणि झाकणावर पुन्हा निखारे. वरून आणि खालून सारखी आच मिळाली की ते फुलून वरून तांबूस होतं, आणि सुरीनं कापता येतं. गोव्यातलं बिबिंक याच तत्त्वावर चालतं. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि भरपूर तूप यांचा एक पातळ थर ओतायचा, वरच्या आचेवर भाजायचा, मग त्यावर पुढचा. सात थर तरी हवेतच, त्यामुळे करणारीची अर्धी दुपार विस्तवाजवळ जाते. मुंबईच्या पाठारे प्रभूंचं भानोलंही असंच वरखाली आचेवर भाजलं जाई. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरले जातात, खानदेशात बट्टी भाजली जाते. ओव्हन नव्हता, पण बंद जागेतली कोरडी, सारखी उष्णता मिळवायची युक्ती घरोघरी ठाऊक होती.

त्या स्वयंपाकघराची एक शिस्तही होती. सकाळी चुलीला पोतेरं दिल्याशिवाय विस्तव पेटत नसे. पातेलं चुलीवर चढवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा हात फिरवायचा, म्हणजे धरलेली काजळी नंतर सहज निघायची. ज्या निखाऱ्यांवर धोंडस भाजलं, त्यांचीच राख दुसऱ्या दिवशी तेच पातेलं घासायला लागायची. करणं आणि आवरणं अशी दोन कामं तिथे वेगळी काढताच येत नव्हती. अर्थात हे सगळं सोपं होतं असं कुणी समजू नये. फुंकणीनं डोळे लाल व्हायचे आणि पाणी आडावरून यायचं. पण आवराआवर कृतीच्या बाहेर टाकलेली नव्हती. राख काढून ठेवणं, पातेल्याला हात फिरवणं, पोतेरं देणं या पदार्थाच्याच पायऱ्या होत्या.

बेकरीच्या दारातली रांग

पुढे भट्टी घराबाहेर गेली. नानकटाईचं मूळ सुरतेला सांगतात. तिथल्या डच वखारीसाठी चालणारी बेकरी, डच निघून गेल्यावर, फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराकडे आली. पाव खपेना, तेव्हा वाळलेल्या पावाच्या वळणावर त्यानं खुसखुशीत बिस्किटं केली, अशी ती हकिगत. त्या काळी पाव आंबवायला ताडी वापरत. मुंबई-पुण्यात पुढे इराण्यांच्या बेकऱ्या आल्या. पुण्यात १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी लोक आजही रांग लावतात.

पण मध्यमवर्गीय घरांच्या आठवणीत पक्की बसलेली रांग वेगळी आहे. ती दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गल्लीतल्या साध्या बेकरीच्या मागच्या दाराशी लागायची. हातात तुपाचा डबा, मैद्या-रव्याच्या पिशव्या, दळून आणलेली पिठीसाखर. काही घरं पीठ घरून फेसून-मळून नेत, काही बेकरीवाल्यावर सोपवत. भाजणावळ किलोवर ठरलेली. काळे पत्रे बेकरीचे, चारोळ्या आपल्या. गोळे वळून पत्र्यावर मांडायला घरातली सगळी पोरं कामाला लागत, आणि आपला पत्रा शेजारणीच्या पत्र्याशी बदलू नये म्हणून एकजण भट्टीपाशी पहाऱ्याला. पुणे, सांगली, कोल्हापूर, मुंबईतली गिरणगावाची वस्ती, सगळीकडे हे दृश्य थोड्याफार फरकानं सारखं होतं, आणि काही गावांत अजून आहे.

या व्यवस्थेचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेतून सुटते. राडा बेकरीत राहायचा. पीठ बेकरीच्या फरशीवर सांडायचं, पत्रे भट्टीवरची पोरं खरवडायची, राख तीच काढायची. घरी यायचा तो भरलेला डबा. दिवाळीसाठी माळा काढलेला, जळमटं झाडलेली, डबे घासून उन्हात वाळवलेले, आणि त्या लखलखीत घराला नानकटाईनं पिठाचा कणही लागायचा नाही. भाजणावळीत आवराआवरही धरलेली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

अशा भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. जागेचे भाव, कामाला न मिळणारी माणसं, इंधन अशी कारणं बरीच. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅसकडे किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धूर कमी होणं रास्तच आहे. पण दिवाळीत घरचं पीठ भाजून देण्याची फुरसत आणि जागा नव्या यंत्रापाशी किती उरते, हा प्रश्न गल्लीच्या पातळीवरचा आहे.

अंदाज आणि काटा

घरात ओव्हन आला तो गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. सत्तर-ऐंशीच्या दशकात लग्नाच्या आहेरात किंवा पहिल्या बोनसमध्ये तो येई. अनेकांना उष्णता नेमकी करायची सोयच नसे. बटण चालू किंवा बंद. कागदाचा कपटा आत ठेवून तो किती वेळात तांबूस होतो त्यावरून आच ओळखायची. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्या बायका जुन्या कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरायच्या, रिंग आणि शिट्टी काढायच्या आणि त्यात डबा ठेवायच्या. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याबरोबरच्या कृतीनं अंडं न खाणाऱ्या घरांतही केकचा रस्ता मोकळा केला.

मराठी पाकपुस्तकांची परंपरा तोवर जुनी झाली होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली, आणि वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे नवशिक्या मुलीही तिच्यावर विसंबू लागल्या. तरी आपला रोजचा स्वयंपाक मुळात अंदाजाचाच. आमटी उकळताना चाखता येते. आंबट झाली तर गूळ टाकता येतो, दाट झाली तर पाणी घालता येतं. केकला ही सवलत नाही. एकदा भांडं आत गेलं की दार बंद. त्यामुळे चूक करायची असेल तर ती आधीच करावी लागते.

आणि इथेच बेकिंग आणि टापटीप यांची खरी गाठ आहे. खाण्याचा सोडा दह्यासारख्या आंबट पदार्थात मिसळला की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटू लागतात. ते बुडबुडेच केक फुलवतात, आणि ते कुणासाठी थांबत नाहीत. मिश्रण तयार झाल्यावर डब्याला तूप लावायला घेतलं, मग बटर पेपर शोधला, मग ओव्हन तापायला लावला, तर तेवढ्या वेळात निम्मी हवा निघून जाते. केक बसतो. म्हणून आधी ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं तापवायचा, डबा तयार ठेवायचा, मैदा, सोडा, कोको एकत्र चाळून ठेवायचे, लोणी तासभर आधी फ्रीजबाहेर काढायचं, ओट्यावर जागा मोकळी करायची. एवढं मांडून झालं की मगच दह्याला हात लावायचा. मोकळा ओटा हा इथे सुगरणपणाचा दाखला राहत नाही, केक फुलण्याची अट होतो.

फोडणीचं घड्याळ, केकचं घड्याळ

घरून ऑर्डरी घेणाऱ्या बायकांशी बोलायला बसलं की त्या पाककृतीपेक्षा वेळापत्रकाबद्दल जास्त बोलतात. कारण स्वयंपाकघर एकच, आणि त्याचे मालक दोन. सकाळी सहापासून नऊ-साडेनऊपर्यंत ते घराचं असतं: चहा, डबे, पोळी-भाजी, मोहरी-हिंगाची फोडणी, लसणाची चटणी. क्रीम आणि लोणी आजूबाजूचा वास झटकन धरतात. व्हॅनिलाच्या केकला लसणाची चव आली तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून केकचा दिवस बहुतेक घरांत आदल्या रात्री सुरू होतो. जेवणं झाली, ओटा पुसला, खिडकी उघडून वास गेला, की रात्री दहाला स्पंज भाजायला लागतो. यात शास्त्रही आहे. रात्रभर निवलेला आणि गुंडाळून ठेवलेला स्पंज सकाळी आडवा कापताना भुगा होत नाही.

सकाळचे डबे गेले की आयसिंग. क्रीमचा गोठवलेला खोका आदल्या दिवशीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवलेला असतो. मे महिन्यात पंख्याखाली क्रीम उभं राहत नाही, तेव्हा घरातली एसीची खोली, म्हणजे बहुधा झोपायची खोली, दोन तास कारखाना होते. पावसाळ्यात साखरेच्या फुलांना फ्रीजबाहेर काढताच घाम फुटतो. वाढदिवसाचा केक संध्याकाळी कापला जातो, त्यामुळे तो पाच-सहापर्यंत दाराबाहेर पडायला हवा. नेमकी तीच मुलं शाळेतून येण्याची आणि सासू-सासऱ्यांच्या चहाची वेळ. रविवारी मासळी आणली तर ती कुठे ठेवायची यावर घरात तह करावे लागतात, आणि धंदा जरा वाढला की पहिली मोठी खरेदी ओव्हनची नसते, दुसऱ्या फ्रीजची असते.

तालुक्याच्या गावात याला विजेची भर. केक आत आणि वीज गेली, तर दार उघडायचं नाही एवढाच नियम. भाजण्याचा शेवटचा टप्पा असेल तर आतल्या उष्णतेवर काम निभावतं. सुरुवात असेल तर मध्यभाग बसणारच, मग तो चुरून ट्रायफलमध्ये जातो.

असं वेळापत्रक आखलेल्या घरात एक बदल सहज घडतो. आवरण्याच्या वेळा ठरून जातात. रात्री झोपण्यापूर्वी बेसिन रिकामं हवं, कारण सकाळी डब्यांना तेच लागतं. डबे गेल्यावर ओटा कोरडा हवा, कारण त्यावर साखर येणार आहे. जेवणानंतर फरशी पुसायलाच हवी, कारण मुंग्या. ‘वेळ मिळाला की आवरू’ हे वाक्य अशा घरातून हद्दपार होतं.

आधी कोरडं, मग ओलं

केकची भांडी घासणं हे वेगळंच ज्ञान आहे, आणि ते पुस्तकांतून मिळत नाही.

मैदा सांडला तर ओलं फडकं लावायचं नाही. पाणी लागताच त्याची खळ होते आणि ओट्याच्या सांध्यांत जाऊन बसते. आधी कोरड्या फडक्यानं किंवा हातझाडूनं गोळा करायचा, मग ओलं पुसायचं. चाळणी धुण्यापूर्वी उलटी करून आपटायची आणि कोरडा ब्रश फिरवायचा, नाहीतर जाळीची भोकं कायमची बुजतात. अंड्याच्या भांड्याला आधी गार पाणी. गरम पाण्यानं अंड्यातलं प्रथिन शिजून चिकटतं आणि वास राहतो. लोण्या-क्रीमच्या भांड्यांचं उलट. आधी जुन्या वर्तमानपत्रानं किंवा रुमाली कागदानं पुसून घ्यायचं, मग गरम पाणी आणि साबण. न पुसता मोरीत सोडलं तर चरबी नळीत जाऊन थिजते, आणि महिन्याभरात प्लंबर बोलवावा लागतो. करपलेल्या साखरेला घासत बसायचं नाही. गरम पाणी घालून ठेवलं की ती आपोआप विरघळते. नोझल लगेच कोमट पाण्यात टाकायचे. क्रीम आत वाळलं की सुई घेऊन बसावं लागतं. ओव्हनच्या तळाचा चुऱ्याचा ट्रे रोज, पण गार झाल्यावर. काच सोड्याच्या लगद्यानं पुसायची, आणि तापणाऱ्या सळयांना पाण्याचा हात लावायचा नाही.

मैद्याचा साठा थोडा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात पोतं भरून ठेवलं तर त्यात जाळी आणि किडे ठरलेले. नवा मैदा जुन्यावर ओतायचा नाही, डबा रिकामा करून, पुसून, उन्हं दाखवून मगच भरायचा. ओट्याची फडकी आणि भांड्यांची फडकी वेगळी, आणि दोन्ही रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. सगळ्या मिळून पाऊण तास होतात.

केरसुणीची पूजा, आणि केर काढणारीची रजा

तो पाऊण तास कुणाचा, हे विचारलं की लेख स्वयंपाकघराबाहेर जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात घरासाठी बिनपगारी काम करत होत्या, आणि पुरुष २६.१ टक्के. जे करत होते त्यांच्यात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करत होत्या, पुरुष ९७. पुन्हा २०२४ मध्ये मोजलं तेव्हा स्त्रियांची मिनिटं २८९ झाली होती, पुरुषांची ८८. म्हणजे दोघांचीही घटली, अंतर होतं तिथेच राहिलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बेकऱ्या दूर गेल्या आणि वाढदिवस घरातच आले. यीस्ट मिळेनासं झालं इतके पाव घरोघरी भाजले गेले. पुरुषांनीही हौसेनं पीठ मळलं, फोटो टाकले. परातीला चिकटलेलं पीठ कुणी सोडवलं, याचे फोटो कुणी टाकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. शिंदीच्या पानांची ही केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कारागिरांनी बांधली. वर्षातून एकदा पूजा झालेली ती केरसुणी दुसऱ्या दिवसापासून दाराआड उभी राहते, आणि ती बांधणारे हात तर गावाच्या व्यवस्थेत कायमच दाराबाहेर उभे राहिले. स्वच्छतेचा मान वस्तूला द्यायचा आणि कष्ट माणसाच्या पदरात टाकायचे, ही आपली जुनी सोय आहे.

म्हणून घर आवरण्याला रोकडा दर लावण्याचं श्रेय केकवाल्या बायकांना देताना थांबावं लागतं. तो दर त्यांच्या कितीतरी आधी मोलकरणींनी लावला. भांड्यांचे वेगळे, धुण्याचे वेगळे, केर-लादीचे वेगळे, पाहुणे आले तर वरचे वेगळे. कामाचे तुकडे करून प्रत्येकाची किंमत सांगणारी ही पद्धत त्यांची. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००८ मध्ये झाला. आज केकच्या ऑर्डरी सुरू झालेल्या घरात मावशी दाराशी थबकून म्हणतात, “ताई, केकची भांडी वेगळी धरा. अन् लोण्याचं पातेलं पुसून द्या, तसंच टाकू नका.” ताईंना गिऱ्हाइकाला दर सांगायला पुढे जे शिकावं लागतं, ते या दोन वाक्यांत आहे.

टापटिपीचा जागतिक बाजारही आता मोठा आहे. जपानच्या मारी कोंडो यांचं आवरण्याविषयीचं पुस्तक २०११ मध्ये निघालं, २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडेही लोक कपडे उभे घडी करून ठेवू लागले. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनीच मोकळेपणानं सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर आवरण्याचा हट्ट त्यांनी बराच सोडला आहे. त्यांच्यावर हसणाऱ्यांना घरात तीन मुलं असण्याचा अर्थ ठाऊक नसावा. घर किती आवरलेलं हवं, हे घरात किती माणसं आवरायला हात लावतात यावरच ठरतं.

“घरीच तर करता”

आता वहीतल्या त्या ओळीकडे. अर्धा किलोच्या साध्या क्रीम केकचा हिशेब मांडून पाहा. साहित्य मोजून मिश्रण करायला वीस मिनिटं. भाजायला पस्तीस, पण त्यात कान ओव्हनकडे असला तरी हात मोकळे. क्रीम फेटणं, थर लावणं, वरची सजावट, नाव लिहिणं असं मिळून तासभर. खोक्यात भरणं, फोटो, गिऱ्हाइकाचे फोन वीस मिनिटं. आणि आवराआवर, दोन्ही वेळची धरून, पाऊण तास. म्हणजे हात लागलेल्या सुमारे अडीच तासांत पाऊण तास पुसण्या-घासण्याचा. १५०० वॉटचा ओव्हन तापवण्यासकट पाऊण तास चालला तर वीज एक युनिटच्या जरा वर. ती ओळ सगळ्या लिहितात. पाऊण तासाची ओळ बहुतेक जणी पहिल्या वर्षी लिहीतच नाहीत.

नव्यानं धंद्यात पडणारी बाई बहुधा साहित्याचा खर्च काढते, दुप्पट करते आणि दर सांगते. कष्टाचे पैसे त्या दुपटीत आले असं समजते. गिऱ्हाईकही तेच धरून चालतं. “दुकानाएवढे कसे? घरीच तर करता,” हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. त्यामागचा समज असा, की घरातली जागा फुकट, घरातली वीज थोडीशी आणि घरातल्या बाईचा वेळ नाहीतरी होताच. बेकरीच्या भाजणावळीत भट्टी झाडणाऱ्या पोराचा पगार धरला जायचा. घरच्या केकमध्ये तो पोरगा आपणच असतो, हे उमगायला वेळ लागतो. उमगलं की दर बदलतो. कुणी आठवड्यातून दोनच दिवस ऑर्डरी घेते, कुणी मावशींना केकच्या भांड्यांचे वेगळे पैसे सुरू करते, कुणी नवऱ्याला सांगते की पोचवून येण्याबरोबर रात्रीचं बेसिनही तुझं.

कायद्यानंही या स्वयंपाकघराची दखल घेतली. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या अन्नव्यावसायिकांना पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक केकच्या खोक्यावर येतो. सोबत स्वच्छतेचे नियम येतात: पाणी पिण्यायोग्य हवं, कच्चं आणि तयार अन्न वेगळं हवं, किडामुंगीचा बंदोबस्त हवा, कचरा झाकलेला हवा. वाचताना जाणवतं की यातलं बहुतेक आपल्या आज्या करतच होत्या. फरक एवढाच की ते आता कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. ते लिहिलेलं काम आहे, आणि लिहिलेल्या कामाचा मोबदला मागता येतो.

मला यातून सुचणारी गोष्ट छोटी आहे. पाककृतीला दोन मथळे असतात, साहित्य आणि कृती. तिसरा जोडावा. सुरुवात दिवाळीच्या नानकटाईनं करू.

नानकटाई (२० नग)

साहित्य : मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पातळ न केलेलं साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ, वरून चारोळ्या.

कृती : ओव्हन १६५ अंशांवर तापत ठेवावा. तूप आणि पिठीसाखर हलकी, पांढुरकी होईपर्यंत फेसावी. कोरडं सगळं एकत्र चाळून त्यात मिसळावं. मळू नये, फक्त गोळा करावा. वीस गोळे वळून, जरा दाबून, चारोळी लावून अंतर राखून ट्रेवर मांडावेत. १५ ते १८ मिनिटं भाजावेत. बाहेर काढताना मऊ लागतील, ते बरोबर आहे. निवल्यावर खुसखुशीत होतात.

आवराआवर : ट्रे आत गेल्याबरोबर सुरू करावी, भाजण्याचा वेळ त्यातच सत्कारणी लागतो. ओटा आधी कोरडा पुसावा. चाळणी आपटून, ब्रश फिरवून ठेवावी. तुपाचं पातेलं कागदानं पुसून गरम पाण्यानं धुवावं. जमिनीवरची पिठीसाखर ओल्या फडक्यानं टिपावी. नानकटाई पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावी, ट्रेचा चुरा झटकून तो धुवावा आणि ओव्हनचा तळाचा ट्रे दुसऱ्या दिवशी सकाळी पुसावा. हे कोण करणार, त्याचं नाव तूप मोजण्याआधी ठरवावं. करणारी आणि आवरणारी व्यक्ती एकच असेल, तर पुढच्या घाण्याला अदलाबदल करावी.

लागणारा वेळ : सव्वा तास. त्यातली पंचवीस मिनिटं आवराआवरीची. ती वगळून वेळ सांगू नये.